पाळलेल्या सापाच्या नोंदी तुम्ही कशा ठेवता?

रानजाई | ४ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी कांदिवलीला, चारकोपात राहते. आमच्याकडे तीन वर्षांपासून एक बॉल पायथन आहे. नर, नाव काजू. बरेच दिवस तो काही खात नव्हता म्हणून परवा त्याला पशुवैद्यांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटचं कधी खाल्लं?" मी म्हटलं, दीड महिना झाला असेल. नवरा म्हणाला, अगं कुठलं, दिवाळीच्या आधी खाल्लं होतं. मग विचारलं, कात कधी टाकली? शी कधी केली? गेल्या वेळचं वजन किती? आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. काट्यावर १०२० ग्रॅम भरला. डॉक्टर म्हणाले, "हे उतरलेलं वजन आहे की नेहमीचं, ते मला तुमच्याकडूनच कळायला हवं." आवाज अगदी शांत होता त्यांचा, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

घरात दुधाचा हिशोब आहे. गॅस कधी लावला ते लिहिलेलं आहे. मुलीच्या लसींची फाईल आहे. आणि जो जीव ओरडत नाही, कण्हत नाही, भूक लागली म्हणून दार खरवडत नाही, त्याच्याबद्दल घरात एक ओळ लिहिलेली नाही.

तर विचारायचं असं की तुम्ही नेमकं काय काय लिहिता, कशात लिहिता आणि किती दिवसांनी? वही बरी की ॲप? घरात दोघं-तिघं मिळून सांभाळत असतील तर कसं जमवता? सविस्तर सांगा, मला खरंच शिकायचंय.

लालबागकर | ४ जानेवारी, रात्री १०:४०

ताई, आमच्याकडे भिंतीवरचं कॅलेंडर. आई त्यावर कामवालीचे खाडे लिहायची, त्याच चौकटीत आता आमच्या कॉर्न स्नेकचं लिहितो. खाल्लं की लाल पेनाने गोल आणि आत उंदराचं वजन. दिलं पण घेतलं नाही तर 'खा', म्हणजे खाडा. कात टाकली की 'का'. शी केली की नुसतं टिंब. पेन दोरीने खिळ्यालाच बांधलंय.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी भावाने शुक्रवारी संध्याकाळी नाइट शिफ्टला जाताना पिल्लाला उंदीर दिला. शनिवारी सकाळी आईला वाटलं आज त्याचा वार, तिने दुसरा दिला. कॉर्न स्नेक तो, समोर आलं की खाणार. तिसऱ्या दिवशी दोन्ही उलटून पडले. वासाने आख्खी खोली भरली. सापाची उलटी म्हणजे आपल्यासारखं तोंड धुतलं आणि झालं असं नसतं, पोटातला पाचकरस जातो, अन्ननलिका भाजून निघते. डॉक्टरांनी दोन आठवडे नुसतं पाणी आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर असं सांगितलं. त्या दोन आठवड्यांत आई रोज पेटीसमोर बसायची. तेव्हापासून ज्याने भरवलं त्याने हात धुऊन आधी कॅलेंडरकडे जायचं, मग बाकीचं.

सायली_पार्ले | ४ जानेवारी, रात्री १०:५१

'खा' आवडलं. आमच्याकडे सापाची परवानगी मिळायची शक्यता शून्य, पण धागा वाचतेय. काजूला लवकर भूक लागो.

टिपणवही | ५ जानेवारी, सकाळी ७:३०

रानजाई, आधी एक धीराची गोष्ट. वयात आलेले बॉल पायथन, त्यातही नर, थंडीच्या दिवसांत कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा खात नाहीत आणि तरी ठणठणीत असतात. त्यांचं मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिका. मुंबईत थंडी ती काय, पण तेवढा फरक त्यांना कळतो.

माझ्याकडे एक नर आहे, सहा वर्षांचा. शीटमध्ये त्याचे सलग तीन हिवाळे आहेत. दरवर्षी नोव्हेंबरात खाणं बंद, फेब्रुवारीच्या शेवटी सुरू. गेल्या हिवाळ्याआधी वजन १४८० ग्रॅम, उपास सुटला तेव्हा १४१५. म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आतच उतरलं. पहिल्या वर्षी मी रडकुंडीला आलो होतो, दर चार दिवसांनी उंदीर नाचवून त्याला अजूनच बिथरवत होतो. दुसऱ्या वर्षी जुन्या ओळी उघडल्या आणि शांत बसलो.

माझे रकाने असे: तारीख आणि वेळ, काय दिलं, त्याचं ग्रॅममध्ये वजन, घेतलं की नाकारलं, घेतलं तर किती मिनिटांत. वजन महिन्यातून एकदा, नेहमी खाण्याच्या आधी, कारण भरल्या पोटी मोजलं तर आपण उंदराचंही वजन मोजत असतो. कात पडली की ती अखंड आली की तुकड्यांत, आणि डोळ्यांवरचे पापुद्रे कातेबरोबर निघाले का, हे न चुकता. कात उलगडून डोक्याचा भाग उजेडात धरा, दोन गोल काचेसारखे दिसायला हवेत. एक जरी नसेल तर तो सापाच्या डोळ्यावरच राहिलाय. शेवटचा रकाना शेरा. माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच, कारण 'आज नाकाशी बारीक बुडबुडा' असं वाक्य कुठल्याच आकड्यात बसत नाही.

ॲप मी वापरून सोडलं. फोन बदलला तेव्हा आठ महिन्यांच्या नोंदी गेल्या.

कोकणकडा | ५ जानेवारी, सकाळी ९:०५

मला मुळातच पटत नाही. साप पाळायचा कशाला? आणि कायद्यात बसतं का हे? धामण पकडून बरणीत ठेवणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत. अशा धाग्यांनी त्यांना उत्तेजन मिळतं.

पाणदिवड | ५ जानेवारी, सकाळी ११:२०

कोकणकडा, धामणीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. मी भांडुप-मुलुंड पट्ट्यात साप सोडवायला जातो, म्हणून हे ठासून लिहितो. नाग, घोणस, मण्यार, फुरसं तर सोडाच, पण धामण, पाणदिवड, अजगर, मांडूळ, आपल्याकडचा कुठलाच साप घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आहे त्यासाठी. 'जखमी होता म्हणून ठेवला' हेही चालत नाही. वनखात्याला १९२६ वर फोन करायचा.

परदेशी जातींचं वेगळं आहे. २०२२ ला कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सायटिस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, त्यातल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. बॉल पायथन त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तो बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तिचे नियम २०२४ ला आले. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला तर तेही कळवायचं असतं. कॉर्न स्नेक त्या करारात नाही.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर साप कुठून आणला, कधी आणला, पावती, नोंदणीचा क्रमांक हे हवंच. उद्या दारात वनरक्षक आला तर 'आम्ही फार प्रेमाने सांभाळतो' यावर भागणार नाही.

रानजाई | ५ जानेवारी, सकाळी ११:४८

काजूची नोंदणी झालेली आहे, कागद फाईलमध्ये आहेत. कोकणकडा, तुमची तळमळ कळते. आम्ही रानातून काही उचललेलं नाही. पण जो घरात आलाय तो आता वीस-पंचवीस वर्षं आमच्यावर अवलंबून आहे, आणि त्याचं मला नीट करायचंय.

कोकणकडा | ५ जानेवारी, दुपारी १२:१५

ठीक. पाळण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण पाळलाच आहे तर हिशोब ठेवा हे मान्य.

आरेवाली | ५ जानेवारी, दुपारी ३:०२

माझा अनुभव सांगते, कारण नोंदी नसत्या तर मी आजतागायत गोंधळातच असते.

मागच्या मार्चपासून आमच्या बॉल पायथनने, नाव इमली, खाणं नाकारायला सुरुवात केली. मादी, दीड वर्षाची, वाढीचं वय. हिवाळा संपला होता, त्यामुळे उपासाचं कारण पटेना. उंदीर बदलून पाहिला, वेळ बदलून पाहिली, लपायची जागा बदलली. चार खाडे झाले. मी वहीत रोज सकाळी साताला आणि रात्री दहाला पेटीच्या दोन्ही बाजूंचं तापमान लिहायचे. उबदार बाजू ३२, थंड बाजू २६, तेच ते आकडे. बघून बघून डोळ्यांना सवय झाली होती.

मग एकदा रात्री अडीचला बाळासाठी उठले आणि सहज तापमापकाकडे नजर गेली. थंड बाजू २१.५. उबदार बाजू २७. मार्चमध्ये आम्ही बेडरूमला एसी लावायला सुरुवात केली होती! दहाला बंद खोली नुकती थंड व्हायला लागलेली असायची, सकाळी साताला एसी बंद होऊन तास उलटलेला असायचा. माझ्या दोन्ही वेळा नेमक्या खड्ड्याच्या दोन काठांवर पडत होत्या. वही मागे चाळली तर पहिला खाडा १४ मार्च, आणि एसी सर्व्हिसिंगवाला येऊन गेला तो ११ मार्च. तेही त्याच वहीत, किराण्याच्या पानावर.

साप बाहेरच्या उष्णतेवर पचवतो. रात्री अंग गार पडत असेल तर तो खाणार नाही, खाल्लं तर ते पोटात कुजणार. पेटी दुसऱ्या खोलीत नेली, दोन आठवड्यांत तिने उंदीर घेतला. आता मी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा तापमापक वापरते आणि रोज सकाळी तेच दोन आकडे लिहिते.

रानजाई, काजूची पेटी गेल्या दोन-तीन महिन्यांत हलवली का? एसी, पंखा, खिडकी काही बदललंय?

निळाई | ५ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

थोडा वेगळा सूर लावते. नोंदींच्या नावाखाली सापाला त्रास देणारे लोकही आहेत. दर रविवारी वजन, दर रविवारी लांबी, मेजरटेप लावून ताणायचं. कशासाठी? बॉल पायथन मुळात बुजरा. घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं आत घालतो, त्यावरूनच तर त्याला 'बॉल' म्हणतात. जो साप आधीच खात नाहीये त्याला सारखं उचलायचं आणि मग तो खात नाही म्हणून पुन्हा उचलून मोजायचं. हात न लावता जे लिहिता येतं तेवढंच लिहा.

टिपणवही | ५ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

लांबीबद्दल पूर्ण सहमत, मीही मोजत नाही. हवीच तर कातेवरून अंदाज येतो, पण कात ताणली जाते, म्हणून सापापेक्षा लांबच भरते. वजन मात्र मी सोडणार नाही. रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला उतरतं वजन दिसत नाही. पाठीचा कणा उभारून आला की मग सगळ्यांना दिसतं, पण तोवर फार उशीर झालेला असतो. पेटी साफ करताना तो तसाही डब्यात जातो. डबा काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, साप ठेवा, वाचा. दहा सेकंद.

निळाई | ५ जानेवारी, संध्याकाळी ७:३४

साफसफाईबरोबर करत असाल तर हरकत नाही. माझा राग वेगळं उचलण्यावर आहे.

गिरगावचा_बंड्या | ५ जानेवारी, रात्री ९:००

एक शंका. आमच्या चाळीत उंदरांना तोटा नाही, पिंजरा लावला की रोज एक. मित्राकडे साप आहे, तो विकत आणतो फ्रोजन. चाळीतले का देऊ नयेत? फुकटात काम होईल, चाळही स्वच्छ.

पशुवैद्य_ठाणे | ५ जानेवारी, रात्री ९:४५

बंड्या, मित्राला अजिबात देऊ देऊ नका. चाळीतल्या उंदराने शेजारच्या घरातलं विष खाल्लेलं असू शकतं. ही बरीचशी औषधं रक्त गोठू न देणारी असतात आणि उंदीर मरायला दिवस लागतात, त्यामुळे तो पिंजऱ्यात धडधाकट दिसतो. शिवाय अंगावर गोचिड्या, पोटात जंत. लेप्टोचा धोका तर हाताळणाऱ्या माणसालाच. जिवंत उंदीर सापाला चावतो तो प्रश्न आणखी वेगळा. एका उंदराने कुरतडलेल्या सापाला मी टाके घातले आहेत. गोठवलेला उंदीर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात रात्रभर सुटू द्यायचा, मग पिशवीसकट कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह नको.

आता मूळ प्रश्न. माझ्याकडे साप येतो तेव्हा मी काय शोधतो ते सांगतो. वजन किती टक्के आणि किती दिवसांत उतरलं. वयात आलेला साप तीन महिन्यांत चार-पाच टक्के उतरला तर मी बघत थांबतो. दहाच्या पुढे गेला तर कारण शोधल्याशिवाय सोडत नाही. पिल्लाचं गणित वेगळं, त्याच्याजवळ साठाच नसतो. शिवाय जंताचं असो की जंतुसंसर्गाचं, औषधाचा डोस वजनावर ठरतो.

शी कधी केली हे लोक लिहित नाहीत. लिहा. तिच्यात पांढरा खडूसारखा भाग असतो, ते त्यांचं मूत्र. तो पिवळसर-केशरी आणि कडक होत गेला तर पाणी कमी पडतंय किंवा मूत्रपिंडाचं काही आहे. ताजी शी डबीत घालून आणली तर जंतांची तपासणी त्याच दिवशी होते.

आणि पावसाळ्यात शेऱ्याच्या रकान्यात दोन गोष्टी मुद्दाम बघून लिहा: पोटाच्या खवल्यांवर तांबूस डाग आहेत का, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो का. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा अशी असते की पेटीतली ओल आपण वाढवावी लागत नाही, घालवावी लागते. नारळाच्या भुश्शाला तळातून बुरशी येते आणि वरून कळत नाही. भुसा कधी बदलला तीही तारीख हवी.

गिरगावचा_बंड्या | ५ जानेवारी, रात्री ९:५२

बाप रे. आत्ताच फोन करतो त्याला. धन्यवाद डॉक्टर.

जुना_पार्लेकर | ६ जानेवारी, सकाळी ६:४०

माझ्याकडे साप नाही, वय ७४, पण विषय फार आवडला. नोंदींचीच एक गोष्ट. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीची. २०२० च्या जुलैमध्ये तिने सात अंडी घातली तेव्हा तिचं वय ६२ च्या वर होतं, आणि पंधरा वर्षांहून जास्त काळ ती नराजवळ गेलेली नव्हती. आता वय कसं सांगितलं? १९६१ साली एका खाजगी मालकाने तिला, ती दोन-तीन वर्षांची असताना, तिथे दिलं, ती तारीख कोणीतरी टिपून ठेवली. ज्याने ती ओळ लिहिली त्याला काय ठाऊक की साठ वर्षांनी जग ती वाचेल.

रानजाई, तुमच्या मुलीचं वय किती? काजू कदाचित तिच्याच संसारात म्हातारा होईल. वही जाड घ्या.

रानजाई | ६ जानेवारी, सकाळी ८:१५

काका, मुलगी नऊ वर्षांची आहे. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिने लगेच २०० पानी वही काढून दिली.

पाणदिवड | ६ जानेवारी, सकाळी १०:३०

पार्लेकर काकांच्या गोष्टीला जोड. तामिळनाडूत इरुळा लोकांची सापपकड्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. सर्पदंशाच्या लसीसाठी लागणारं विष ते काढतात. साप काही आठवडे ठेवायचा, विष काढायचं आणि परत रानात सोडायचं. सोडताना पोटाच्या खवल्यावर छोटीशी खूण करतात. लगेच कोणी तोच साप पुन्हा पकडून आणला तर खुणेवरून कळतं. त्यांची नोंद सापाच्या अंगावरच.

अवांतर: माझ्या वहीत गेल्या पावसाळ्यात 'मण्यार' म्हणून आलेल्या फोनांपैकी बरेचसे साप निघाले कवड्या, बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, आणि डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात. पण हे वाचून कोणी जवळ जाऊन पट्टे बघत बसू नका. लांब उभे राहा, नजर ठेवा, फोन करा.

लालबागकर | ६ जानेवारी, दुपारी १:२०

ताई, मागचं काहीच लिहिलेलं नाही म्हणताय, पण जरा शोधा. मी एकदा मागच्या तारखा फोनवरून काढल्या होत्या. उंदीरवाल्याला पैसे यूपीआयने देत असाल ना? आणि पहिल्यांदा घास घेताना आपण सगळेच व्हिडिओ काढतो. त्याच्यावर तारीख असते.

रानजाई | ७ जानेवारी, रात्री ११:३०

लालबागकर दादा, तुमचे किती आभार मानू. काल आणि आज दोन्ही संध्याकाळी आम्ही तिघं फोन घेऊन बसलो होतो.

यूपीआयवर उंदरांचे पैसे दिलेत ४ सप्टेंबर, २७ सप्टेंबर आणि ११ ऑक्टोबरला. त्यानंतर एकही नाही. ११ ऑक्टोबरला दोन आणले होते आणि एक अजून डीप फ्रीझरमध्ये आहे. मग गॅलरी बघितली. १२ ऑक्टोबर, रात्री ९:०४, काजू खातानाचा व्हिडिओ, मी बहिणीला पाठवलेला. म्हणजे शेवटचं जेवण १२ ऑक्टोबर. डॉक्टरांना दीड महिना सांगितला, खरे निघाले जवळजवळ बारा आठवडे. नवऱ्याचं बरोबर होतं.

मग मुलीला आठवलं की गणपतीत तिने शाळेच्या प्रकल्पासाठी काजूचं वजन केलं होतं. फोटो सापडला. काट्यावर निळा डबा, डब्यात काजू, आकडा ११९८. माझ्या पोटात गोळाच आला, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम उतरला? पण मुलगी म्हणाली, आई, हा डब्यासकट आहे. तोच डबा माळ्यावरून काढला, मोजला. १४२ ग्रॅम. म्हणजे काजू तेव्हा १०५६ आणि आता १०२०. साडेतीन टक्क्यांच्या आत.

आणि आरेवाली, तुमचा प्रश्न. हो, पेटी हलवली होती. दिवाळीच्या साफसफाईत, ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात, हॉलमधून पॅसेजमध्ये. काल दोन्ही बाजूंना नवे तापमापक ठेवले. उबदार बाजू २७.५! थर्मोस्टॅटवर आकडा ३२ चाच आहे. पेटी उचलून बघितलं तर थर्मोस्टॅटच्या वायरचं तापमान मोजणारं टोक, जे आत जमिनीवर असायला हवं, ते हलवताना ओढलं गेलं आणि आम्ही ते खाली हीट मॅटलाच चिकटवून टाकलं होतं. मॅट तापली की तो लगेच बंद करायचा, आतली जमीन मात्र गारच. थर्मोस्टॅटवरचा आकडा बघून मी अडीच महिने निर्धास्त होते.

आरेवाली | ७ जानेवारी, रात्री ११:४१

वाचताना अंगावर काटा आला. बरं झालं सापडलं.

टिपणवही | ८ जानेवारी, सकाळी ७:१५

आणि हे उलट झालं असतं, म्हणजे टोक पेटीच्या बाहेर लोंबकळत राहिलं असतं, तर थर्मोस्टॅटला वाटलं असतं अजून गारच आहे आणि मॅट तापतच गेली असती. साप भाजतात त्याने. ते टोक जागेवर आहे का हे महिन्याच्या वजनाबरोबर बघा आणि तसं लिहा.

आणखी एक, रागावू नका. फोटोतला काटा स्वयंपाकाचा आहे का? असेल तर सापासाठी वेगळा घ्या. सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला असतोच, तो दिसत नाही. लहान मूल घरात आहे.

रानजाई | ८ जानेवारी, सकाळी ८:०२

होता स्वयंपाकाचाच. आज दुसरा आणते. गोठवलेले उंदीर सुटायला ठेवायचा कप्पाही वेगळा करते, मुलीची वडी त्याच फ्रीजमध्ये असते.

डॉक्टरांना सगळ्या तारखा पाठवल्या. त्यांनी शी तपासून झाली, जंत नाहीत असं कळवलंय आणि ऊब नीट करून दोन आठवडे अजिबात न छेडता थांबायला सांगितलंय.

निळाई | ८ जानेवारी, सकाळी ९:२०

'अजिबात न छेडता' हे वहीच्या मुखपृष्ठावर लिहा.

सायली_पार्ले | १९ जानेवारी, दुपारी ४:००

काजू कसा आहे? मी रोज येऊन बघते इथे.

रानजाई | २५ जानेवारी, रात्री १०:०५

सायली, तुझ्यासाठी आणि सगळ्यांसाठी, वहीतून जशाच्या तशा ओळी. अक्षर तिघांचं आहे.

८ जानेवारी. टोक आत जमिनीवर बसवलं, टेप लावली. रात्री उबदार बाजू ३२, थंड २६.

१५ जानेवारी. भुसा बदलला. डब्यात घेतला तेवढ्यात वजन केलं, १०१८, डबा वजा करून. टोक जागेवर.

२२ जानेवारी. रात्री ९:१५ ला ७० ग्रॅमचा उंदीर. हुंगला, दोनदा जीभ लावली, मागे गेला. वीस मिनिटांनी उचलून टाकला. खाडा.

२३ जानेवारी. पूर्ण दिवस ओल्या बाजूच्या खोक्यात. पाठीचा रंग मळकट वाटतो. हे मुलीने लिहिलंय.

२५ जानेवारी. डोळे निळसर धुरकट. दोन्ही.

लालबागकर | २५ जानेवारी, रात्री १०:१४

मग परवाचा खाडा कातेमुळे! डोळे निळे व्हायच्या आधीच कित्येकदा खाणं सोडतात. आता कात पडेपर्यंत उंदीर काढूच नका ताई. डोळे मध्येच पुन्हा स्वच्छ होतील, तेव्हा झालं असं समजू नका, त्यानंतर दोन-चार दिवसांनी पडते.

टिपणवही | २५ जानेवारी, रात्री १०:२०

खोक्यात ओलं शेवाळ ठेवा, ओलसर, निथळणारं नको. पडली की डोळ्यांचे पापुद्रे बघायला विसरू नका.

रानजाई | २५ जानेवारी, रात्री १०:३१

शेवाळ ठेवलं, पाण्याचं भांडं घासून भरलं. मुलगी झोपायला जाताना विचारत होती, कात रात्रीत पडली तर वहीत तारीख आजची घालायची की उद्याची. मी म्हटलं, ज्याला सापडेल त्याने वेळ घालून लिहायचं.

लालबागकर | २५ जानेवारी, रात्री १०:३३

पडली की इथे टाका, आईला दाखवायचीय.